बालोत्र्याची गाडी

“येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बास, बास,” असं हमाल मागून ओरडेपर्यंत मागचं चाक गटारीवरच्या फरशीवर चढलं होतं. फरशी मोडल्याचा आवाज मला केबिनमध्ये बसून ऐकू आला. गाडी डावीकडं कलली, सुताची पोती एकमेकांवर सरकली आणि सगळं तिथंच थांबलं.

बिरदेवनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोर बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

“मामा, गल्लीच असली हाय,” तो म्हणाला.

“हां. अरुंद हाय खरी,” मी म्हणालो.

त्याच गल्लीत मी आठ महिने रोज दोन खेपा करत होतो आणि प्रत्येक खेपेला गाडी मागंच घ्यावी लागत होती. इचलकरंजीतल्या मागवाल्यांच्या गल्ल्या तुम्ही बघितल्या असतील तर सांगायला नको. दोन्ही बाजूला यंत्रमागाचे शेड, त्यांचा दिवसभर खडखडाट, त्यात हॉर्न मारला तरी कुणाला ऐकू जात नाही. मोटारसायकली आडव्या लावलेल्या, कुणाचं पोर मधेच, कुणाची शेळी मधेच. तिथं गाडी नुसत्या आरशावर मागं येत नाही, अंगात मुरावी लागते. पण हे मी जावयाला कसं सांगणार?

जावई व्हायच्या आधी हाच बिरदेव तीन वर्षं माझ्या गाडीवर क्लीनर होता. तेव्हा मी त्याला बिऱ्या म्हणायचो, चुकला तर हातात असेल तो पाना फेकून मारायचो, आणि तो मला उस्ताद म्हणायचा. पोरगं कष्टाळू, कसलं व्यसन नाही, आमच्याच धनगर समाजातलं, पट्टणकोडोलीत स्वतःचं घर. रोहिणी मीच त्याला दिली. हळद लागली त्या दिवशी शालन, म्हणजे माझी बायको, मला बाजूला घेऊन म्हणाली, “आजपासून अरे-तुरे बंद. जावई हाईत आता.” झालं. तेव्हापासून मी त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायला लागलो. पाना फेकायचं तर सोडाच, ‘चुकलात’ म्हणायचीही चोरी झाली.

चाक बाहेर काढायला दीड तास गेला. हमालांनी पोती उतरवली, जॅक लावला, फळ्या घातल्या. तोवर मागवाल्यानं शेठला फोन करून सगळं सांगितलं, आणि सांगताना पदरचे दोन शब्द घातलेच असणार. मी समोरच्या कट्ट्यावर डावा गुडघा चोळत बसलो होतो. बावीस वर्षं क्लच दाबून तो गुडघा कामातून गेला होता. बसलं की उठवत नव्हतं आणि उठलं की बसवत नव्हतं.

तर झालं होतं असं. आमच्या मगदूमशेठच्या सात गाड्या. त्यांतल्या सहा लाईनवर. लाईन म्हणजे इथून कोऱ्या कापडाच्या गाठी भरायच्या, राजस्थानात बालोत्र्याला टाकायच्या आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन परत यायचं. एकदा गेलं की पंधरा-वीस दिवस घराचं तोंड दिसत नाही. सातवी गाडी लोकलची, सहाचाकी. गोडाऊनमधून सूत उचलायचं, मागांवर पोचवायचं, संध्याकाळी घरी. मी बावीस वर्षं लाईन मारली. रोहिणीचं लग्न लागलं तशी शेठच्या हातापाया पडून लोकलची गाडी मागून घेतली. आता लाईनवरचा एक ड्रायव्हर काम सोडून गावी निघून गेला होता आणि त्याची गाडी सोमवारी बालोत्र्याला निघायची होती. बिरदेवला हेवी लायसन मिळून महिनासुद्धा झाला नव्हता. एकतर त्यानं ती बालोत्र्याची गाडी घ्यायची, नाहीतर माझी लोकल त्यानं घ्यायची आणि मी पुन्हा लाईनवर जायचं. तिसरी वाट नव्हती.

“तुझा जावई हाय, तुझ्याच हाताखाली शिकलाय,” शेठ मला म्हणाले होते. “दोन-तीन दिवस घेऊन फिर त्याला आणि मला सांग. तू म्हणशील तसं करू.”

त्या दुपारी ऑफिसात गेलो तर शेठ रागावलेले नव्हते, उलट हसत होते.

“फरशीचं मी बघतो,” ते म्हणाले. “पण मायाप्पा, तुझा जावई लोकलला चालत न्हाई बघ. नव्या माणसाला लाईनच बरी. चार पदरी सरळ रस्ता, नुसतं हाकत जायचं. लोकलला हात मुरलेला लागतोय.”

आमच्या धंद्यातला हा जुना वाद आहे. चहाच्या गाड्यावर चार ड्रायव्हर जमले की दोन इकडं आणि दोन तिकडं. एक म्हणतात, नव्या माणसानं आधी लोकल करावं, गाडी मागं घ्यायला शिकावं, काही बिघडलं तर मालक हाकेवर असतो. दुसरे म्हणतात, गल्लीबोळात घासून घासून पोरगं भितरं होतं, एकदम लाईनवर टाका, आपोआप शिकतं. मला विचाराल तर मी पहिल्यांतला. मी स्वतः दोन वर्षं वीटभट्टीच्या खेपा मारून मग लाईनवर गेलो होतो.

पण शेठ बोलले आणि मी मान हलवली. लपवत नाही, मला बरं वाटलं. मोडलेली फरशी माझ्या पथ्यावर पडली होती.

बाहेर आल्यावर बिरदेवही म्हणाला, “मामा, मला लाईनच पाहिजे. लोकलला काय हाय? दिवसभर गल्लीतनं मागं-पुढं. ड्रायव्हर म्हणून सांगायची लाज वाटते.”

“बघू की,” मी म्हणालो. “शेठ काय म्हणतात ते बघू.”

संध्याकाळी घरी आलो तर रोहिणी आलेली. तिला चौथा महिना होता. आईच्या मदतीला म्हणून भाजी निवडत बसली होती, पण निवडत काही नव्हती, एकच देठ हातात धरून बसली होती. मी हातपाय धुऊन टेकलो तशी म्हणाली, “आप्पा, त्यांना लोकलच मिळू दे.”

शालनची भाकरी थापायची थांबली.

“त्यांना लाईन पाहिजे म्हणतात,” मी म्हणालो.

“ते म्हणू देत. तुम्ही शेठला सांगा.”

“मग लाईनला कोण जाणार, ठाऊक हाय न्हवं तुला?”

रोहिणी खाली बघत राहिली. मग म्हणाली, “हाय ठाऊक.”

“अगं मग?”

“मी लहान असताना तुम्ही बालोत्र्यासनं फोन करायचा शेजारच्या दुकानात. आई पळत जायची. दर वेळेला पळायच्या आधी देवाला हात जोडायची, कुणाचा फोन असंल म्हणून. मी बघितलंय ते सगळं. मला न्हाई जमायचं आप्पा.”

शालननं तव्यावरची भाकरी उलटली. रोहिणी जेवून निघून गेली, मी तिला स्टँडवर सोडून आलो, तोवर शालननं भांडी आवरली होती.

“तिचं ऐकून तुम्ही जाणार काय?” तिनं विचारलं.

“शेठच म्हणतात, तो लोकलला चालत न्हाई. माझ्या हातात काय हाय?”

“तुमच्याच हातात हाय. शेठनी तुमच्यावर सोडलंय, मला बिरदेवनी सांगितलंय.” ती पदराला हात पुसत समोर बसली. “पोरीचं खरं हाय. पण मी पण माणूस हाय. बावीस वर्षांनी हे आठ महिने मिळालेत मला. तुम्ही घरात हाय म्हणून मी आता दाराला नुसती कडी घालते. आधी कडी घालून आडणा लावून त्याला वरवंटा टेकवून झोपायची, तुम्हाला कधी सांगितलं न्हाई.”

ते मला खरंच माहीत नव्हतं. घरात काय काय होतं हे त्या आठ महिन्यांत मला कळायला लागलं होतं. तिनं माझ्यासाठी घरात घालायची चप्पल आणली होती. बावीस वर्षांत मला अशी चप्पल कधी लागलीच नव्हती. सकाळी उठून तिच्यासंगं चहा प्यायचा, संध्याकाळी गरम भाकरी खायची, एवढ्यावर मी सुखी होतो. दुसरं काही नको वाटत होतं. थकलो होतो हो.

“न्हाई जात,” मी म्हणालो. “बिरदेवच जाईल.”

शनिवारी शेठनी साखरेची पोती भरून रत्नागिरीची एक खेप दिली. “घाट उतरून दाखवू दे त्याला, मग सांग,” म्हणाले. आम्ही पहाटे निघालो. मलकापूरपर्यंत बिरदेवनं गाडी इतकी छान चालवली की मला डुलकी लागली. उगाच कुणाला ओलांडून जाणं नाही, घाई नाही, एस.टी.ला वाट देतोय, बैलगाडीला सांभाळून घेतोय. मी मनात शेठला द्यायचं उत्तर तयार करत होतो. पोरगं लाईनला चालतंय, शेठ. हे खोटंही नव्हतं, निदान मलकापूरपर्यंत नव्हतं.

आंबा गाव मागं पडलं आणि घाट सुरू झाला. साडेनऊचं कोवळं ऊन होतं, रस्ता कोरडा होता. पहिलं वळण त्यानं तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं, दुसरंही घेतलं. पुढं सरळ उतार दिसला तसा त्याचा डावा हात गिअरच्या दांडीवर गेला. दांडी मधे आली, इंजिनाचा आवाज एकदम उतरला आणि गाडी हलकी होऊन पळायला लागली.

त्यानं गाडी न्यूट्रल केली होती. ज्यांना गाडीचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उताराला गाडी गिअरमधून काढली की ती आपल्या वजनानं पळते, डिझेल फारसं जळत नाही. ज्याची गाडी कमी डिझेल खाते त्याच्यावर मालक खूश, म्हणून लाईनवरचे लोक हे करतात. पण गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागून धरून ठेवत असतं. ते धरणं सुटलं की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि एकदा तापले की पायाखाली पेडल असतं पण ब्रेक नसतो.

मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण त्यानं माझ्याकडं बघून थोडं हसल्यासारखं केलं, आपलं काम दाखवावं तसं. आणि मी जावयाला काय बोलायचं म्हणून गप्प बसलो.

तिसरं वळण झालं, चौथं झालं. ब्रेक दाब, सोड, परत दाब. पाचव्या वळणाच्या अलीकडं केबिनमध्ये जळका वास आला. खालून एक एस.टी. वर येत होती.

“जावईबापू, गिअर घ्या आता,” मी म्हणालो.

“घेतो की मामा, एवढं वळण होऊ दे.”

वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी होती तशीच चालत राहिली. त्यानं परत दाबला. उभा राहिल्यासारखा होऊन दाबला. एस.टी.चा ड्रायव्हर जुना माणूस असावा, त्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि बस जागच्या जागी उभी केली. आम्ही तिच्या अंगाला लागून खाली गेलो. मधे वीतभर जागा राहिली असेल नसेल. खिडकीतल्या एका बाईनं आपलं पोर आत ओढलेलं मला दिसलं.

बिरदेवनं क्लच दाबून दांडी ढकलली. गिअर पडेना, नुसता खर्र आवाज येत राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं.

“बिऱ्या,” मी म्हणालो, आणि मग माझा आवाज चढला. “क्लच सोड. रेस दे. अजून दे, भरपूर दे. आता क्लच दाब, टाक तिसरा.”

पहिल्यांदा पडला नाही.

“परत. क्लच सोड. रेस दे. दाब. टाक.”

दुसऱ्यांदा गिअर पडला. इंजिन किंचाळलं आणि गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी ओढली गेली. दोन वळणं पुढं डोंगराच्या कडेला मुरूम काढून केलेली मोकळी जागा होती. “तिकडं घाल, डोंगराला घासली तर घासू दे,” मी म्हणालो. त्यानं घातली. डावा आरसा तुटला, ताडपत्री फाटली, गाडी थांबली.

मी उतरून चाकांखाली दगड लावले. मागच्या चाकांतून धूर निघत होता. बिरदेव पाण्याचा कॅन घेऊन आला.

“पाणी ओतू नको, ब्रेकचे ड्रम तडकतील,” मी म्हणालो. “बस तिथं गप.”

तो बसला. मीही त्याच्या समोर एका दगडावर बसलो. घाटातल्या गाड्या येत-जात होत्या. मला एकसारखी रोहिणी दिसत होती, हातात देठ धरून बसलेली. ह्या माणसाला मी सोमवारी एकट्याला लांब पाठवणार होतो. वाटेत असे किती उतार लागतात ते मला तोंडपाठ होतं.

“कुणी शिकवलं हे तुला?” मी विचारलं.

तो कॅनचं झाकण घट्ट करत बसला.

“विचारतोय मी. कुणी शिकवलं?”

“उस्ताद, तुम्हीच की,” तो म्हणाला.

त्यात उलट बोलणं नव्हतं. साधं विचारलं तसं साधं सांगितलं होतं.

“मी कवा शिकवलं?”

“शिकवलं न्हाई. मी बघत हुतो. तीन वर्षं तुमच्या शेजारी बसलो न्हवं. उतार लागला, रस्ता सरळ दिसला की तुमचा हात जायचा. शेठ सगळ्यांदेखत म्हणायचे, ॲव्हरेज काढावं तर मायाप्पानं. मला वाटलं, हेच खरं चालवणं.”

बावीस वर्षं मी हेच करत आलो होतो. गाडी कुठं न्यूट्रल करायची ते त्याला माझ्या हाताकडं बघून कळलं होतं. परत गिअर कुठं घ्यायचा ते माझ्या पाठीला कळायचं, आणि ते शेजारच्या सीटवरून दिसत नाही. तेही खरं सांगायचं तर दोनदा माझ्या पाठीला उशिरा कळलं होतं. दोन्ही वेळेला बिरदेव मागच्या बाकड्यावर झोपला होता आणि उठल्यावर मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

तासाभरानं ड्रम निवले. “चल,” मी म्हणालो. “दुसऱ्यात उतरायचं. पायथ्यापर्यंत दुसऱ्यातच.” त्यानं तशीच उतरवली. रत्नागिरीला माल टाकून परत येईपर्यंत आम्ही जेवणाखाण्यापुरतं बोललो.

रविवारी सकाळी आम्ही दोघं शेठच्या ऑफिसात गेलो. बिरदेव दाराजवळ उभा राहिला. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता. त्याला अजून आशा होती, हे माझ्या लक्षात आलं.

“आरसा मोडला, ताडपत्री फाटली,” शेठ म्हणाले. “व्हायचंच. बोल मायाप्पा. उद्या बालोत्र्याला कोण जातंय?”

“मी जातो शेठ,” मी म्हणालो. “ह्यांना लोकल द्या.”

“तू? तुझा गुडघा?”

“बघतो कसं जमतंय.”

“अरे पण का? आरशासाठी का? आरसा कुणाचाबी मोडतोय.”

मला दुसरं कारण देता आलं असतं. पण शेठ माणूस असा की सोमवारी सकाळपर्यंत त्यांचं मन फिरायचं आणि ते बिरदेवलाच गाडीवर बसवायचे. म्हणून मी खरं ते सांगितलं.

“घाटात न्यूट्रल मारतात. नव्या माणसाला एवढ्यात लाईन नको. दोन वर्षं लोकल करू देत.”

शेठचं हसणं गेलं. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांची एक गाडी असाच उतार उतरताना गेली होती, ड्रायव्हरसकट. तेव्हापासून न्यूट्रल मारणारा माणूस सापडला की ते त्याच दिवशी त्याला काढायचे. लाईनवरच्या प्रत्येकाला त्यांनी दत्ताच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मीही घेतली होती.

“कुणी शिकवलं रे तुला हे?” त्यांनी बिरदेवला विचारलं.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो. त्याचं एक वाक्य, आणि माझी लाईन गेली असती. लोकल तर मी आत्ताच सोडून बसलो होतो. एक्कावन्न वर्षांच्या, लंगडत चालणाऱ्या ड्रायव्हरला गावात दुसरं कोण उभं करणार होतं?

“कुणी न्हाई शेठ,” बिरदेव म्हणाला. “ढाब्यावर पोरं बोलतात, ते ऐकून केलं. चुकलं माझं.”

“आणि हा असला उस्ताद घरात असून?” शेठनी माझ्याकडं हात केला. “बावीस वर्षं लाईन मारली ह्या माणसानं, एक डाग न्हाई. जरा शिक ह्याच्याकडनं. नशीब समज, त्याच्याकडं बघून तुला ठेवतोय.”

“व्हय शेठ,” बिरदेव म्हणाला.

मी तोंड उघडलं नाही. उघडणार होतो पण राहून गेलं, असंही म्हणत नाही. मी उघडणारच नव्हतो.

घरी शालनला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शब्द दिलावता न्हवं मला?” मी घाटातलं तिला सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं. ब्रेक गेल्याचं सांगितलं, कशामुळं गेला ते सांगितलं नाही. ती आत गेली. थोड्या वेळानं पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला, मग माझे कपडे घडी करत बसलेली दिसली. रडत होती, पण घड्या नीट घालत होती. संध्याकाळी रोहिणी आली, माझ्या पाया पडली, आणि आईकडं बघून परत गेली. आठ दिवसांत गल्लीत सगळ्यांना कळलं. असा सासरा मिळायला नशीब लागतं, म्हणाले लोक. पोरीसाठी म्हातारा परत लाईनवर गेला.

सोमवारी सकाळी आठला यार्डात गेलो तर बिरदेव माझ्या आधी येऊन बसला होता. लोकलची गाडी भरायची सोडून बालोत्र्याच्या गाडीवर चढून दोरी आवळत होता, क्लीनर असताना आवळायचा तशी, पाय लावून. मला बघून खाली उतरला.

“हवा बघितली सगळ्या चाकांची,” तो म्हणाला. “ब्रेक पण ॲडजस्ट करून घेतलेत. लायनर नवीन हाईत.”

“कशाला उगा तुम्ही?”

“असू द्या.” त्यानं हात पुसले. मग गाडीकडंच बघत म्हणाला, “मामा, एक बोलू का? राग मानू नका.”

“बोला.”

“उताराला गिअरमध्येच ऱ्हावा. परवा मी वाचलो ते तुम्ही शेजारी हुता म्हणून. तुमच्या शेजारी सांगायला आता कोण न्हाई.”

मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. कालच्या ऑफिसातली लाज तोवर मी कशीबशी गिळली होती, ती सगळी वर आली. बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं सांगितलं त्याला मी आदल्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोलू दिलं होतं.

“व्हय,” मी म्हणालो आणि केबिनमध्ये चढलो.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मी ती गाडी पुढं चार वर्षं चालवली, गुडघ्याचं ऑपरेशन करायची पाळी आली तेव्हा सोडली. त्या चार वर्षांत एकही उतार मी गिअरशिवाय उतरलो नाही. इंजिन ओरडायचं, मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या, मी आपला तिसऱ्यात. बिरदेवनं दोन नव्हे, सगळी चार वर्षं लोकल केली. शेवटी शेवटी त्या मागवाल्यांच्या गल्लीत तो एका हातानं गाडी मागं घ्यायचा.

बालोत्र्याहून परत आलो की मी यार्डात गाडी लावायचो, शेठ पावत्या बघायचे आणि दर खेपेला मान हलवायचे.

“मायाप्पा, तुझा हात गेला बघ आता,” म्हणायचे. “पूर्वी तुझ्याएवढं ॲव्हरेज कुणाचं निघत नव्हतं. आता सगळ्यांत जास्त डिझेल तुझीच गाडी खाते. काय झालं काय?”

बिरदेव तिथंच बाजूला सुताची पोती उतरवून घेत असायचा. त्याला सगळं ऐकू जायचं. तो मान वर करायचा नाही.

“वय झालं शेठ,” मी म्हणायचो.